कधी येऊ म्हणणारा माणूस

रस्त्यात कुणी हश्मत अमूंना, आमच्या हश्मतकाकांना, ओळखलं की मी त्यांची बाही ओढायला लागायचे. आधी तो माणूस हरखायचा. "अरे, तुम्ही तर ते! जुन्या पिक्चरमधले! मिशीवाले, शेवटी हिरोच्या हातचा मार खाणारे!" मग म्हणायचा, "उस्ताद, दोन शब्द ऐकवा ना." अमू ऐकवायचे. आणि त्या माणसाचं तोंड उतरायचं.

मुनीरिये मोहल्ल्यातल्या खाटकाने तर अमूंवर सुरीच रोखली होती. "फसवतोस होय रे म्हाताऱ्या? मी त्यांचा एकेक पिक्चर चार-चारदा बघितलाय. त्यांचा आवाज लोण्यासारखा होता. तुझा तर वीटभट्टीतून आल्यासारखा वाटतोय!"

"तिथूनच आलाय," अमू म्हणाले. "आता ती कलेजी बांध. पोरीला भूक लागलीय."

पोरगी म्हणजे मी, सूदाबे. तेव्हा मी शाळेत जात होते. मी त्या खाटकाच्या नडगीवर लाथ घातली. कलेजी मिळाली नाही. अमू घरापर्यंत हसत होते आणि मी रडत होते.

खाटकाचंही चुकलं नव्हतं म्हणा. आमच्याकडे तेव्हा सगळे पिक्चर डब व्हायचे, आपल्याच भाषेतले, आपल्याच नटांचे. नटाने कॅमेऱ्यासमोर ओठ हलवायचे, मग बंद खोलीत दुसराच कुणी बसून त्या ओठांत आवाज भरणार. अमूंच्या ओठांत आवाज भरायचे फरहंग वफाकीश. टाय लावणारे, घशासाठी रोज मध खाणारे. अमूंनी ढिगाने पिक्चर केले. एकातही अमूंचा आवाज नाही. एकाही पिक्चरमध्ये.

अमू आमच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्याने राहतात. माझ्या जन्माच्या आधीपासून. पूर्ण नाव हश्मत कूरेपझ. कूरेपझ म्हणजे भट्टी लावणारा. शहराच्या दक्षिणेला रे गावाच्या बाजूला भट्ट्या होत्या, तिथे त्यांचा बाप विटा भाजायचा. भट्टीच्या माथ्यावरून खालच्या माणसांना हाका मारायचं काम पोरांकडे असायचं. धूर, गाढवं, गाड्यांचा खडखडाट, त्यातून आवाज खाली पोचला नाही तर कुणीतरी भाजून मरणार. अमूंचा आवाज असा तयार झाला, गाणं-बिणं शिकून नाही.

मोठे झाल्यावर ते शहरातल्या लालेझार रस्त्यावर आले. तेव्हा तिथे नाटकांची थिएटरं होती. दारात उभं राहून लोकांना ओरडून आत बोलवायचं काम मिळालं. आठवड्याभरात आतल्या नटांनी मालकाकडे तक्रार केली. बाहेर हा ओरडतो न् आतलं आमचं काही ऐकू येत नाही. मालक म्हणाला, "मग त्याला आत घ्या, नाहीतर हाकला." अमूंना आत घेतलं. तेव्हापासून राजे, सावकार, आंधळे बाप, सगळं केलं. माझा मालक हाजी मोईन लहानपणी बापाबरोबर नाटकं बघायचा. तो म्हणतो, हश्मत आका, म्हणजे हश्मतसाहेब, स्टेजवर कुजबुजले तरी मागच्या रांगेतला माणूस बिया फोडून खायचं थांबवायचा. हाजी मोईन मला पगारवाढ देताना खोटं बोलतो, पण यात बोलणार नाही.

ते थिएटर आता झुंबरांचं गोडाऊन आहे. अख्खं लालेझार दिव्यांच्या दुकानांनी भरलंय. मी त्याच्या शेजारच्या दुकानात झुंबरांना वायरी जोडते. कधीकधी अमू माझ्यासाठी ताजी पोळी घेऊन यायचे न् गोडाऊनमध्ये आत जायचे. स्टेज अजून आहे, त्यावर बल्बची खोकी रचलेली. अमू खोक्यांसमोर उभे राहायचे. काही बोलायचे नाहीत. "काच आहे, तडकेल," म्हणायचे.

थिएटर चालू होतं तेव्हाच पिक्चरवाल्यांना तो चेहरा दिसला. मिशी, भुवई, गालावर भट्टीतला चट्टा. आवाज नको म्हणाले, लोकांना वफाकीशच्या आवाजाची सवय आहे. अमूंना पैसे हवे होते, बायको आजारी होती. हो म्हणाले.

मग इन्किलाब झाला, राज्य उलटून मुल्लांचं सरकार आलं. जुन्या पिक्चरमधल्या चेहऱ्यांना पडद्यावर यायला मनाई झाली. आता बघा गंमत. मनाई चेहऱ्याला. आवाजाला नाही. वफाकीश रेडिओवर बोलत राहिले, टीव्हीवर बोलत राहिले, कार्टूनमधल्या अस्वलाच्या तोंडून बोलत राहिले. अमू टेम्पोतून टरबुजं वाहत राहिले. टेम्पोतला रेडिओ लागला की अमू म्हणायचे, "ऐक, मी बोलतोय."

खूप वर्षांनी मनाई उठली, तोवर अमू म्हातारे झाले होते. मालिकांमध्ये कामं मिळायला लागली. कोपऱ्यात जपमाळ ओढणारा आजोबा. पक्षाघात झालेला आजोबा. कोमातला आजोबा तर तीनदा. एका मालिकेत त्यांचा नुसता फोटोच होता, काळी पट्टी लावलेला, भिंतीवर. माझी आई म्हणाली, "मुबारक हो हश्मत आका, ह्यात तरी पाठ करायला काही नाही." अमू म्हणाले, "अशरफ खानुम, तुम्हाला कळत नाही. एवढा वेळ पापणी न हलवता लटकायचं म्हणजे सोपं नाही."

मी अमूंसाठी एवढा जीव का टाकते, तेही सांगते. दहावीत मी शाळा सोडली. म्हणजे बाईंनी सगळ्या वर्गासमोर माझ्या मेलेल्या बापावरून मला बोलून घेतलं, मी खडू फेकून मारला, आणि त्यांनी आईला बोलावलं. आईला तिथे उभंच करून ठेवलं होतं. तेवढ्यात अमू आले. नाटकातला जुना काळा कोट, हातात काठी. त्यांनी दार लावलं आणि एवढंच म्हणाले, "खुर्ची." आवाज चढवला नाही. बाई स्वतः उठल्या आणि आईला खुर्ची दिली. शाळा मी तरीही सोडली. पण माझी आई बसून बाहेर पडली.

तो आवाज गेल्या हिवाळ्यात खरखरायला लागला. आधी सर्दी वाटली. मग रुमालात रक्त दिसलं. डॉक्टरने नळी घालून बघितलं न् सरळ सांगितलं, गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल, पूर्ण. "आत्ता केलं तर बराच काळ जगाल. उशीर केला तर माझ्या हातात राहणार नाही."

अमूंनी विचारलं, "नंतर बोलता येईल?"

"काही लोक यंत्र लावून बोलतात."

"म्हणजे परत दुसऱ्याचाच आवाज," अमू म्हणाले.

घरी येऊन आईने डोकं बडवून घेतलं. "आवाज काय करायचाय? जीव महत्त्वाचा! टोळधाडीसारखा आजार, तो थांबतो का कुणासाठी?"

"एक वाक्य," अमू म्हणाले. "पडद्यावर. माझं तोंड आणि माझा आवाज, एकदा तरी एका जागी. मग म्हणाल तिथून कापा."

मी फोन काढला. "अमू, आत्ता बोला. मी रेकॉर्ड करते."

"फोनवर बकरी पण बोलते, सूदी."

त्यांच्या ओळखीचे जे पिक्चरवाले हयात होते त्या सगळ्यांना मी फोन केले. सगळे गोड बोलले, काम कुणीच दिलं नाही. आणि तेवढ्यात वफाकीश वारले.

शोकसभेला मोठा हॉल भरला होता. पडद्यावर जुन्या पिक्चरचे तुकडे दाखवले. प्रत्येक तुकड्यात अमूंचा चेहरा न् वफाकीशचा आवाज. लोक हुंदके देत होते. सूत्रसंचालन करणारा माइकवर म्हणाला, "मित्रहो, आज हश्मत कूरेपझचा आवाज आपल्यातून गेला." अमू तिसऱ्या रांगेत बसलेले. सगळ्यांबरोबर त्यांनी पण मान खाली घातली.

मी उठायला लागले. अमूंनी माझी बाही धरली. "मेलेल्याच्या घरी नाही, सूदी."

नंतर अंगणात हलवा, खजूर, चहा. तिथे बारबद निकखाह आला. परदेशात बक्षिसं मिळवणारा दिग्दर्शक, गळ्यात लोकरी मफलर. तो अमूंच्या हातावर वाकला. "उस्ताद! तुमच्याशिवाय माझा नवा पिक्चर म्हणजे मिठाशिवाय भात. तुमची पायधूळ लागू दे, माझ्या डोळ्यांवर पाय ठेवून या. आमचा सेट तुमचंच घर आहे."

आमच्याकडे हे असंच असतं, त्याला तारोफ म्हणतात. टॅक्सीवाला पैसे घेताना म्हणतो, राहू द्या, तुमच्यावरून ओवाळून टाकले. म्हणून कुणी पैसे न देता उतरतं का? उतरलं तर तो गचांडी धरेल. समोरचा देऊ करतो, आपण नाही नाही म्हणतो, दोघांची लाज राहते. मला त्याचा तिटकारा आहे, पण नियम मला पण माहीत आहे. निकखाहच्या त्या बोलण्यावर अमूंनी म्हणायचं होतं, "छे हो, आमचे दिवस गेले, तरुणांना घ्या." मग निकखाह खजूर उचलून पुढे जाणार होता.

अमू म्हणाले, "कधी येऊ?"

निकखाहचा चहाचा घोट घशातच राहिला. आजूबाजूचे दोघंतिघं वळून बघायला लागले.

"म्हणजे… उस्ताद… तुम्हाला वेळ असेल तेव्हा…"

"वेळच वेळ आहे. शनिवारी?"

"शनिवारी… हो… का नाही… आमचं भाग्य."

"पत्ता या पोरीला सांगा," अमू म्हणाले आणि हलव्याची बशी उचलली.

शूटिंग शहराच्या वरच्या अंगाला, शेमिरानमधल्या एका बागेच्या घरात होतं. दोन बस आणि मग चढ. शनिवारी आम्ही गेलो. निकखाहची सहायक तीना दारात आली. तिला काहीच माहीत नव्हतं. आत जाऊन आली तेव्हा सगळं माहीत झालेलं होतं, कान लाल झाले होते.

"उस्ताद, आज तुमचा सीन नाहीये."

"हरकत नाही बाळा. मी बसतो."

"उद्या पण बहुतेक…"

"उद्या पण बसतो. निकखाह आकांनी बोलावलंय ना."

फाटकाजवळ खुर्ची टाकून अमू बसले. येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम. लाइटवाले, ड्रायव्हर, मेकअपवाल्या, सगळ्यांना कळलं होतं काय झालंय ते. पण म्हणणार कोण? "उस्ताद, ते नुसतं तोंडदेखलं होतं हो," असं म्हणणं म्हणजे म्हाताऱ्याच्या तोंडावर थुंकणं, आणि त्याहून जास्त निकखाहच्या. मग काय करणार. चहा आणून देत होते. जेवायला बोलवत होते. अमू सगळ्यांबरोबर बसून घेयमे-भात, डाळ-मटणाचा रस्सा न् भात, जेवत होते. घास गिळताना डोळे मिटायचे.

मी दुकानातून दांड्या मारून जायचे. हाजी मोईन म्हणाला, "उद्या आली नाहीस तर येऊच नकोस." मी म्हटलं, "बरं." तरी त्याने काढलं नाही.

परतीच्या बसमध्ये एकदा माझं डोकं फिरलं. "अमू, त्याने खोटं बोलावलं होतं! एवढं पण कळत नाही तुम्हाला? लोक हसतायत."

"मला कळत नाही?" अमू हळू आवाजात बोलले. सगळंच हळू चाललं होतं, आवाज वाचवायला. "अगं, आयुष्यभर हेच ऐकतोय. उस्ताद, पुढच्या पिक्चरमध्ये नक्की. उस्ताद, तुमच्यासाठीच लिहितोय. दर वेळी मी म्हटलं, छे छे, मी कुठला. दर वेळी त्यांची लाज राखली. माझी कुणी राखली, सांग?"

ते खोकले. मी रुमाल पुढे केला.

"आता वेळ नाही मला. म्हणून मूर्ख म्हाताऱ्याचा रोल घेतलाय. ज्याला तारोफ कळत नाही असा म्हातारा. कठीण रोल आहे, सूदी. दिवसभर चेहरा भोळा ठेवावा लागतो."

रुमालात परत रक्त होतं. ऑपरेशनची तारीख त्यांनी एकदा पुढे ढकलली होती, मग अजून एकदा ढकलली. दवाखान्यातून फोन यायचा तेव्हा आई त्या बाईला दुवे द्यायची न् अमूंना शिव्या. मला दोन्हीकडून फाटल्यासारखं व्हायचं. मनात म्हणायचे, पुरे झालं, उद्या उचलून दवाखान्यात नेते. सकाळी त्यांचा काळा कोट बघितला की बसथांब्यावर उभी असायचे.

शेवटी निकखाह स्वतः फाटकाशी आला. त्याचं पण मन खात असणार. "उस्ताद, तुमच्यासाठी एक भूमिका काढलीय. शेजारचा म्हातारा. हे कुटुंब घर सोडून देशाबाहेर चाललंय. तुम्ही दारात येता, पाण्याचा वाडगा घेऊन, गाडीमागे पाणी टाकता, जाणारे सुखरूप परत यावेत म्हणून. मुकाट्याने. तुमची शांतताच सगळं बोलेल."

"एक वाक्य हवं," अमू म्हणाले.

"उस्ताद, शांततेत जी ताकद…"

"कोमात मी खूप शांत राहिलोय, आका."

लाइटवाला फिसकन हसला. निकखाह पण हसला, छातीवर हात ठेवून वाकला. "तुम्ही म्हणाल ते. मी कोण नाही म्हणणारा? हा पिक्चर तुमचाच आहे."

"मग किल्ली मागतो," अमू लगेच म्हणाले. "शेजारी किल्ली मागतोच. 'किल्ली माझ्याकडे ठेवून जा. मी आहे ना.' एवढंच."

परत तेच. पोकळ शब्द त्यांनी भरलेला धरला. निकखाहकडे मागे जायला वाटच नव्हती.

शूटिंगच्या आधीचे दिवस अमू एक शब्द बोलले नाहीत. आई घशाला बरं म्हणून बिही नावाच्या फळाच्या बिया भिजवून त्याचं चिकट पाणी त्यांना पाजायची. तोंडाने शिव्या, हातात पेला. तालमीत त्यांनी नुसते ओठ हलवले. आवाज टिपणारा यदुल्ला काकुळतीला आला. "उस्ताद, जरा तरी बोला, मला माइक लावायचाय." अमूंनी मान हलवली. एकाच वेळेपुरता आवाज उरला होता त्यांच्याकडे.

गाडीत सामान चढलं. नटी रडत गाडीत बसली. अमू दारातून आले, एका हातात वाडगा. दुसरा हात पुढे केला.

"किल्ली माझ्याकडे ठेवून जा," ते म्हणाले. "मी आहे ना."

तो शाळेतला आवाज नव्हता. विटेवर वीट घासावी तसा होता, मध्ये तुटलेला, 'आहे' वर तर जवळजवळ संपलेला. पण पोचला. मी रस्त्याच्या पलीकडे जनरेटरपाशी उभी होते, मला ऐकू आला. जनरेटरवाल्याने सिगरेट पेटवायला काडी ओढली होती, ती बोटाला लागेपर्यंत तशीच धरून उभा राहिला. यदुल्लाने कानावरचं काढलं आणि नाक पुसलं.

निकखाहने अमूंच्या खांद्याचं चुंबन घेतलं. "काळीज काढून नेलंत, उस्ताद."

मला वाटलं, हे तरी खरं आहे.

दुसऱ्या दिवशी अमू दवाखान्यात गेले. तोवर नौरोज, आमचा नव्या वर्षाचा सण, होऊन गेला होता, सणाला पेरलेली अंगणातली अंकुरांची ताटली वाळून पिवळी पडली होती. जाताना आमच्या आईने त्यांच्या मागे पाणी टाकलं. अमू वळले, काहीतरी बोलणार होते. मग हसून गेले.

बाहेर आल्यावर डॉक्टर माझ्याकडे न बघता बोलला. काढलं, पण आजूबाजूला पसरलंय. आधी आला असतात तर. मी त्याला म्हटलं, "तुम्ही तुमचं काम करा, आधीचं आम्ही बघून घेऊ." वाईट बोलले, पण अजून वाईट बोलणार होते.

आता अमूंच्या गळ्याला भोक आहे, श्वास तिथून जातो. बोलायचं म्हणजे ओठ हलवतात, नुसते, पूर्वी कॅमेऱ्यासमोर हलवायचे तसे. मी आणि आई वाचतो. यंत्र त्यांनी ट्रंकेखाली टाकून दिलंय.

पिक्चर लागला तेव्हा झाडांची पानं गळत होती. आईने अमूंच्या गळ्याला रेशमी रुमाल बांधला, काळ्या कोटाला इस्त्री केली. आम्ही तिघं मधल्या रांगेत बसलो. अर्धा पिक्चर मी बघितलाच नाही, अमूंकडेच बघत होते. गाडीत सामान चढायला लागलं तशी त्यांनी माझं मनगट धरलं.

दारातून अमू आले. वाडगा. हात पुढे.

"किल्ली माझ्याकडे ठेवून जा. मी आहे ना."

लोण्यासारखा आवाज. गुळगुळीत, गोल, मध खाल्लेला.

माझ्या मनगटावर अमूंची बोटं तशीच राहिली. पुढच्या रांगेतली एक म्हातारी नवऱ्याला म्हणाली, "बघ, तोच आवाज! अजून तस्साच आहे."

मी उभी राहिले. "हा यांचा आवाज नाहीये!" मी ओरडले. "माणूस इथे बसलाय! हा त्यांचा आवाज नाही, चोरांनो!"

"खाली बस, खानुम!"

"पिक्चर बघू दे!"

"मी नाही बसणार!" आईने मला ओढून बसवलं. अमू पडद्याकडेच बघत होते. ओठ हलत होते, जरा उशिरा.

बाहेर व्हरांड्यात निकखाहला हार घालत होते. आम्हाला बघून तो हार काढून आला. "उस्ताद, शरमेने मान वर होत नाही. काय करणार, शब्द नीट कळत नव्हते, पैसे घालणारे ऐकेनात. वफाकीश आकांच्या शागिर्दाकडून करून घेतलं. लोकांच्या मनातला तुमचा आवाज. तुमचा मानच राखला."

"कुणाचा मान?" मी म्हटलं. "यांनी त्या एका वाक्यासाठी ऑपरेशन थांबवलं. आता पसरलंय सगळीकडे. तुम्हाला माहीत तरी आहे का?"

त्याचा चेहरा पांढरा पडला. तेवढं खरं होतं त्याचं. मग त्याने तेच केलं जे आमच्याकडे सगळे करतात. छातीवर हात ठेवला. "उस्ताद, जीव मागा, देतो. तुमचा मूळ आवाज मी डोळ्यातल्या बाहुलीसारखा जपून ठेवलाय. तुम्ही म्हणाल तेव्हा परत जोडतो. नवी प्रत काढू. तुम्ही फक्त हुकूम करा."

अमूंनी माझ्याकडे बघितलं. ओठ हलले. दोनच शब्द, मी लांबूनही वाचले असते.

"विचारतायत," मी म्हटलं, "कधी येऊ?"

तेव्हापासून आम्ही त्याच्या ऑफिसात जातोय. तिसरा मजला, लिफ्ट बंद, अमूंना प्रत्येक वळणावर बसायला लागतं, गळ्यातल्या भोकातून शिट्टीसारखा श्वास येतो. आत एक सोफा आहे. चहा येतो, बाजूला साखरेचे खडे. आका बाहेर गेलेत. आका मीटिंगमध्ये आहेत. आका तुमचीच आठवण काढत होते. अमू काळा कोट घालून, चेहरा भोळा करून बसतात. महिन्याभरात कोट खांद्यावरून लोंबायला लागलाय. डॉक्टरने आता तारखा देणं पण सोडलंय. दुखायला लागलं की या, म्हणतो.

आज तीनाने मला खुणेने आतल्या चहाच्या खोलीत बोलावलं. नळ सोडला, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये.

"सूदाबे, ते नाहीये."

"काय नाहीये?"

"आवाज. पुसला गेलाय. उन्हाळ्यातच. दुसऱ्या कामाला जागा हवी होती, सगळं जुनं पुसून टाकलं. यदुल्लाने पण शोधलं, त्याच्याकडे पण नाही." ती रडत होती. "आकांची जीभ रेटत नाही सांगायला. तू सांग. तू तर सगळं तोंडावर बोलतेस."

खरंच आहे. खाटकाला, बाईंना, डॉक्टरला, हाजी मोईनला, मी सगळ्यांना तोंडावर बोललेय. मी कप आपटला आणि बाहेर आले. सांगणार होते. पुसलं, अमू. उठा. घरी चला. या हरामखोरांच्या दारात परत पाय ठेवायचा नाही.

अमू सोफ्याच्या कडेला ताठ बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून. मी बाहेर येताच त्यांनी वर बघितलं. रुमाल सरकला होता, मी तो नीट केला.

"शोधतायत, अमू," मी म्हटलं. "सापडल्यासारखंच आहे. उद्या या म्हणालेत. म्हणाले, आपलंच घर समजा."

ते माझ्याकडे बघत राहिले. पोकळ शब्द ओळखण्यात ज्यांचं आयुष्य गेलं ते बघत राहिले. मी डोळे खाली नेले नाहीत. कसे नेले नाहीत, माझं मला माहीत.

मग त्यांचा चेहरा हळूहळू भोळा झाला. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि आतल्या खोलीकडे बघून जरासे वाकले, आभार मानल्यासारखे. ओठ हलले.

"सकाळी," मी म्हटलं. "सकाळी येऊ, अमू."